तव्यातला ग्रह आणि चित्राखालची ओळ

सराफ्यातून तारे दिसत नाहीत. दिवसा इथे सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री आठ-नऊनंतर त्याच दुकानांची शटर्स खाली आली की त्यांच्या ओट्यांसमोर खाऊगल्ली. म्हणजे आकाश बघायची जी वेळ, नेमक्या त्याच वेळी इथले दिवे पेटतात. अमावास्येलाही आमच्या गच्चीवरून आकाश काळं दिसत नाही, फिकट नारिंगी दिसतं. चंद्र दिसतो, शुक्र-गुरू दिसतात, आणि फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे. आकाशगंगेचा पट्टा राजवाड्याच्या आसपास मी कधीच पाहिलेला नाही.

आणि तरीही (किंवा म्हणूनच असेल) गेली दोन वर्षं मी ग्रह बनवतेय. कॉम्प्युटरवर. आमचा सहा-सात जणांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. कोणी इंदूरचं, कोणी पुण्याचं, कोणी वसईचं. कोणी नवीन चित्र टाकतं, बाकीचे त्यावर तुटून पडतात. मराठी मंडळाच्या अंकासाठी "तू ते अंतराळाचं काय करतेस त्यावर लिही ना" असं सांगितलं गेलं, तेव्हा आधी वाटलं की साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात काय रस असणार? पण या कलेतला सगळ्यात अवघड प्रश्न रंगाचा नाही, सॉफ्टवेअरचाही नाही. तो शब्दांचा आहे. त्याकडे येतेच. आधी हे काम चालतं कसं ते बघू.

डिजिटल अंतराळकला म्हणजे ढोबळमानाने दोन वेगळी कामं, आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एकात तुम्ही नसलेला ग्रह उभा करता: पूर्णपणे मनातला, किंवा शास्त्रज्ञांना ज्याचं वस्तुमान आणि अंतर माहीत आहे पण चेहरा माहीत नाही असा. दुसऱ्यात यानाने किंवा दुर्बिणीने खरोखर टिपलेली कच्ची माहिती घेऊन तुम्ही त्यातून चित्र घडवता. पहिलं काम चित्रकाराचं, दुसरं बरंचसं फोटो धुणाऱ्याचं. (आजीच्या पिढीला "फोटो धुवायला देणे" कळतं, आपल्या पिढीला ते समजावून सांगावं लागतं.)

पहिल्यापासून सुरुवात करते, कारण त्यात सराफा येतो.

ग्रह बनवायला आधी पृष्ठभाग लागतो, आणि तो मनाने रंगवायला गेलं की हमखास प्लास्टिकचा चेंडू होतो. म्हणून कुठल्यातरी खऱ्या वस्तूचा खरबरीतपणा उसना घ्यायचा. गंजलेला पत्रा, भिंतीचे पोपडे, ओली वाळू. ख्रिस्तोफर योनासन नावाच्या नॉर्वेच्या छायाचित्रकाराने वापरून झिजलेल्या तव्यांच्या बुडांचे फोटो काढले, ते काळ्या पार्श्वभूमीवर गोल ठेवले, आणि बघणाऱ्याला ते थेट गुरूचे उपग्रह वाटले. अमेरिकेतला नविद बाराती तर काचेच्या ग्लासात पेय ओतून, भोवती मीठ, दालचिनी, बेकिंग पावडर असलं काहीबाही भुरभुरून ते स्कॅनरवर ठेवतो, आणि ग्रह-तारे तयार!

हे वाचल्यावर सराफ्यात राहणाऱ्या माणसाने काय करावं? टिक्कीचा तवा, मालपुव्याची पसरट कढई, भुट्ट्याच्या किसाची परात, गराडूचं तेल, रबडीच्या कढईच्या कडेला चिकटत गेलेले सायीचे थर. अख्खी सूर्यमाला शंभर पावलांत! टिक्कीच्या तव्याचा मधला भाग घासून चकचकीत झालेला असतो आणि कडेला वर्षानुवर्षांच्या तेलाची काळी पुटं असतात. त्या दोहोंच्या सीमेवर जे तडे आणि फोड दिसतात, त्यांच्यासारखी विवरं मला हाताने कधीच काढता आली नसती. फोटो बरोबर वरून घ्यायचा, फ्लॅश बंद, आणि उजेड एका बाजूने यायला हवा म्हणजे उंचसखलपणा उठून दिसतो. तवा तापायच्या आधी, साधारण आठच्या सुमारास विचारलं तर बहुतेक भिया लोक हो म्हणतात. एकाने विचारलं, "भेन, तवे का फोटू काहे का?" मी म्हटलं ग्रह बनवायचाय. त्याने कुंडलीतला ग्रह समजून मला हात दाखवला.

वायूचा ग्रह हवा असेल तर तवा चालत नाही. तिथे पट्टे आणि भोवरे लागतात. ताटलीत दूध घ्या, खायच्या रंगाचे थेंब सोडा आणि मध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणामुळे पृष्ठताण मोडतो आणि रंग असे पळतात, वळतात, एकमेकांत घुसतात की घाईघाईने व्हिडिओच काढावा लागतो. त्यातली एक चौकट निवडायची.

मग ही सपाट प्रतिमा गोलावर चढवायची. मी गिंप वापरते, कारण ते फुकट आहे. ब्लेंडरही फुकट आहे आणि जास्त ताकदवान आहे, पण माझा लॅपटॉप ब्लेंडर उघडला की पंख्यासारखा आवाज काढतो. गोलावर चढवताना कडेची नक्षी दबली पाहिजे. मध्यभागातलं विवर गोल दिसतं, तेच कडेला गेलं की लंबगोल दिसतं. हे झालं नाही तर डोळ्याला नेमकं काय चुकलंय ते कळत नाही, पण ग्रह चकतीसारखा वाटतो.

सगळ्यात जास्त भांडणं उजेडावरून होतात. एक सूर्य असेल तर उजेड एकाच बाजूने. ग्रह डावीकडून उजळलेला आणि त्याचा चंद्र उजवीकडून, असं चित्र टाकलं की आमच्या ग्रुपमधली पुण्याची मुलगी फक्त "?" असं उत्तर पाठवते. वातावरण नसेल तर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघ कडक हवी, वातावरण असेल तर ती थोडी विरघळलेली. आणि ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूतून तारे चमकलेले दाखवायचे नाहीत. ती बाजू रिकामी नसते, तिथे आख्खा ग्रह असतो. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण हे तुम्हाला पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही दिसेल.

वातावरणाची निळी कडा हा तर प्रत्येक नवशिक्याचा लाडका भाग. जाडच्या जाड, ट्यूबलाइटसारखी चमकणारी कडा! हिशोब करून बघा. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. अवकाश जिथून सुरू होतं असं सहसा मानलं जातं ती उंची १०० किलोमीटर. म्हणजे तुमची पृथ्वी हजार पिक्सेल रुंद असेल, तर वातावरण जेमतेम आठ पिक्सेल. आपला सगळा श्वास, सगळे ढग, सगळा पाऊस आठ पिक्सेलमध्ये. हा आकडा पहिल्यांदा काढला त्या रात्री मी चित्र अर्धवट सोडून नुसतीच बसून राहिले होते.

ताऱ्यांबद्दल मतभेद आहेत. उन्हात न्हालेल्या ग्रहाचा खरा फोटो घेतला तर मागे तारे येतच नाहीत, कारण कॅमेरा ग्रहाच्या झगझगीत उजेडाला जुळवलेला असतो. चंद्रावरून अपोलोच्या अंतराळवीरांनी काढलेल्या फोटोंत आकाश कोरं काळं आहे ते याचमुळे (त्यावरून "हे सगळं स्टुडिओत केलंय" म्हणणारेही निघाले, ते सोडा). म्हणून काही जण तारे काढतच नाहीत. मी काढते. थोडे. घरी नाताळच्या गोठ्यामागे लावायच्या निळ्या कागदावर आम्ही चमकी टाकायचो, तेव्हा मम्मी म्हणायची, मूठभर नको, चिमूटभर टाक. तेवढेच.

आता दुसरं काम: खऱ्या माहितीचं. इथे माझं मत असं की आपल्याकडे लोकांना हे दार उघडं आहे हेच माहीत नाही.

नासाचं जूनो यान ऑगस्ट २०११ मध्ये निघालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोचलं. त्याच्यावर जूनोकॅम नावाचा कॅमेरा आहे. तो मुख्यतः सामान्य लोकांसाठी बसवला गेला, आणि त्याच्या कच्च्या प्रतिमा मोहिमेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाकल्या जातात. कोणीही उतरवून घ्या, चित्र करा, परत तिथेच चढवा. पण "कच्च्या" हा शब्द खरा आहे. यान स्वतःभोवती मिनिटाला साधारण दोनदा फिरतं, त्यामुळे कॅमेरा एकसंध फोटो घेत नाही, पट्ट्या-पट्ट्या घेतो, त्याही लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून वेगवेगळ्या आणि दिसायला करड्या. पहिल्यांदा फाइल उघडली तर वाटतं प्रिंटर बिघडलाय. त्या पट्ट्या यानाच्या गतीचा हिशोब करून जुळवायच्या, तीन रंग एकावर एक बसवायचे, मग फरक उठावदार करायचा. जर्मनीचा गणितज्ञ गेराल्ड आइश्टेट, कलाकार शॉन डोरन, केविन गिल अशांनी यातून जो निळसर, भोवऱ्या-भोवऱ्यांचा गुरू जगासमोर आणला, तो तुम्ही कुठल्यातरी वॉलपेपरवर नक्की पाहिलाय. नासा ती चित्रं प्रसिद्ध करते तेव्हा खाली त्यांची नावं असतात. नोकरी म्हणून नाही, मोहिमेचे शास्त्रज्ञ म्हणून नाही, तरीही नाव. मला हे फार आवडतं.

आपल्याकडेही साठा आहे. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं, आणि काही दिवसांतच त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने सुमारे ७४,५०० किलोमीटर उंचीवरून मंगळाचा पूर्ण गोल एका चौकटीत टिपला. त्याची कक्षा फार लांबट होती म्हणून हे जमलं. जवळून फिरणाऱ्या यानांना मंगळ तुकड्या-तुकड्यांत दिसतो, पूर्ण चेहरा एका नजरेत सहसा दिसत नाही. इस्रोच्या 'प्रदान' नावाच्या पोर्टलवर नोंदणी केली की चांद्रयान-२ सारख्या मोहिमांची माहिती मिळते. फाइली मोठ्या, सूचना रुक्ष, पण मिळते.

आणि यानाचीही गरज नाही. पुण्याचा प्रथमेश जाजू सोळा वर्षांचा होता तेव्हा, मे २०२१ मध्ये, त्याने एका रात्री चार तास घरच्या दुर्बिणीतून चंद्र टिपला. पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा, १८६ जीबीचा पसारा आणि अडतीस-चाळीस तासांची प्रक्रिया. इतक्या प्रतिमा कशाला? तर आपलं वातावरण उकळत्या पाण्यासारखं हलत असतं. एका क्षणी चंद्र स्पष्ट, दुसऱ्या क्षणी धूसर. म्हणून हजारो चौकटी घ्यायच्या, त्यातल्या चांगल्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. थरथर पुसली जाते, तपशील उरतो. मग रंग. चंद्र आपल्याला करडा दिसतो, पण त्याच्यात अगदी पुसट रंग खरोखर असतात. ज्या काळ्या मैदानांत टायटॅनियम जास्त ती निळसर, कमी ती तांबूस. जाजूने ते रंग वाढवले. घातले नाहीत, वाढवले. या दोन क्रियापदांमधला फरक साहित्याच्या वर्गाला वेगळा सांगायला नको.

इथेच तो शब्दांचा प्रश्न येतो.

जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले रंगीत फोटो १२ जुलै २०२२ ला आले तेव्हा घरोघरी एकच प्रश्न: हे रंग खरे का? वेब अवरक्त प्रकाशात बघते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. मग प्रतिमा तयार करणारे लोक सगळ्यात लांब तरंगांना लाल, सगळ्यात आखूड तरंगांना निळा, मधल्यांना मधले असे रंग देतात. क्रम खरा, रंग नेमलेले. मला हे भाषांतरासारखं वाटतं. मूळ भाषा येत नसलेल्या वाचकासाठी केलेलं, पण मनाने काही न घालता. याला खोटं म्हणणारा माणूस मग सगळी भाषांतरंही खोटी म्हणेल.

पण त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलैला, एत्येन क्लेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने एक लालभडक गोल ट्विट केला आणि लिहिलं की हा प्रॉक्झिमा सेंटॉरी, वेबने टिपलेला. हजारो लोकांनी वाहवा केली. ती मांसाच्या सॉसेजची, चोरिझोची, कापलेली चकती होती! थट्टा होती, आणि त्याने नंतर माफीही मागितली. माझ्या तव्यात आणि त्याच्या चकतीत प्रतिमा म्हणून काहीच फरक नाही. फरक फक्त खालच्या ओळीत आहे.

ही गंमत आपल्याकडे आली की गंमत राहत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. प्रज्ञान रोव्हरच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह होतं, हे खरं. लगेच चंद्राच्या मातीत उमटलेल्या राजमुद्रेचा फोटो सगळीकडे फिरला. तो फोटो नव्हता. एका हौशी कलाकाराने फोटोशॉपमध्ये केलेलं ते चित्र होतं, आणि त्यानेच तसं सांगितलं. चांगलं चित्र होतं ते. पण लोकांनी त्याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि चंद्राला देऊन टाकलं. नंतर "खोटा फोटो" असा शिक्का बसला तोही त्याच्याच कामावर. म्हणजे त्याला दोनदा लुबाडलं.

माझ्याही बाबतीत छोट्या प्रमाणावर हे झालं. मालपुव्याच्या कढईपासून केलेला माझा एक ताम्रवर्णी ग्रह कोणीतरी कोपऱ्यातलं माझं नाव कापून पुढे ढकलला, आणि तीन आठवड्यांनी वसईच्या मावशीकडून तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला: "नासाने शोधलेला नवीन ग्रह, देवाची किमया पाहा." मी फोन केला. "मावशी, ती सराफ्यातली कढई आहे." मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "कढईपण देवाचीच ना गं." यावर काय बोलणार? पण त्याच ग्रुपवर माझा बारावीचा मामेभाऊ आहे. त्याने तो ग्रह प्रकल्पाच्या वहीत चिकटवला होता, खाली आकारमान आणि तापमान लिहून. ते आकडे त्याला कुठे मिळाले हे मी अजून विचारलेलं नाही.

सराफ्यातला कोणीही दुकानदार हा प्रश्न एका वाक्यात सोडवेल. बेन्टेक्सचा हार बेन्टेक्स म्हणून विकला तर त्यात लबाडी नाही. ९१६ चा शिक्का मारून विकला तर आहे. हार तोच.

मग आपल्या चित्रांवर कुठला शिक्का? मराठी वर्तमानपत्रांत "संग्रहित छायाचित्र" आणि "प्रातिनिधिक छायाचित्र" अशा ओळी असतात, आणि "कल्पनाचित्र" हा सुंदर शब्दही आहे. आमच्या ग्रुपने तेवढं घेतलं. पूर्ण मनातलं असेल तर कल्पनाचित्र. खऱ्या माहितीवर असेल तर "प्रक्रिया केलेली प्रतिमा", आणि पुढे माहिती कोणाची, रंग वाढवलेत की नेमलेत, ते. यावर आमच्यात वाद झाला. वसईच्या मुलाचं म्हणणं, एवढं लिहिलं की जादू जाते. मला ते पटत नाही. "टिक्कीचा तवा, सराफा, इंदूर" ही ओळ वाचून लोक चित्राकडे दुसऱ्यांदा बघतात, आणि दुसरी नजर पहिलीपेक्षा लांब टिकते. एआयने एका वाक्यातून ग्रह काढून मिळतो त्यावरही आम्ही हाच नियम लावलाय: काढा, पण लिहा. (अजून एकानेही टाकलेलं नाही. तव्यापुढे ते फार गुळगुळीत दिसतं.)

जुन्या लोकांनी हे कसं सांभाळलं ते बघण्यासारखं आहे. गॅलिलिओने १६०९ मध्ये चंद्राची विवरं दुर्बिणीतून पाहून जलरंगात काढली. त्याचा मित्र चिगोली हा चित्रकार तेव्हा रोममध्ये सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेतल्या एका चॅपेलचा घुमट रंगवत होता. पोप फ्रान्सिस यांना २०२५ मध्ये जिथे पुरलं, तीच बॅसिलिका. पवित्र मरिया चंद्रावर उभी, हे चित्र परंपरेचं. चंद्र गुळगुळीत आणि निष्कलंक, हीही परंपराच. चिगोलीने १६१२ पर्यंत काम पुरं केलं तेव्हा मरियेच्या पायाखालचा चंद्र खड्ड्याखड्ड्यांचा होता. दुर्बिणीतून दिसलेला. पोपच्या चॅपेलमध्ये. आमच्या क्षेत्रातलं माझं सगळ्यात आवडतं काम हे, आणि त्यात एकही पिक्सेल नाही.

आणि चेस्ली बोनस्टेल. वास्तुरचनेत काम केलेला हा माणूस, १९४४ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याने टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी रंगवला. निळं आकाश, बर्फाळ कडे, मध्ये प्रचंड शनी. त्या चित्राने कित्येकांना अंतराळाचं वेड लावलं. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान टायटनवर खरंच उतरलं, पण तिथे दाट नारिंगी धुकं आहे, आणि जमिनीवरून आपल्या डोळ्यांना शनी दिसणारच नाही. चित्र चुकलं. पण बोनस्टेलने ते फोटो म्हणून दिलं नव्हतं, त्यामुळे आजही ते चित्र म्हणून भिंतीवर लावता येतं.

टायटनचं ते नारिंगी आकाश आमच्या गच्चीवरून रोज रात्री फुकट दिसतं, हा विचार माझ्या डोक्यात सध्या घोळतोय. तसं एक चित्र चालू आहे. आकाश गच्चीवरचं, जमीन गराडूच्या कढईची, शनी नाही. खालची ओळ तयार आहे, उजेड कुठून यावा ते ठरत नाहीये.

कोणाला करून बघायचं असेल तर मंडळाच्या पुढच्या अंकासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. चित्र लांबी-रुंदीला किमान दोन हजार पिक्सेल, कोपऱ्यात तुमचं नाव, खाली कशापासून केलं ते. तव्याचे फोटो हवे असतील तर माझ्याकडे चाळीसेक आहेत, मागा. फक्त कोणत्या गाडीवरचा तवा ते लिहा, त्या भियांना मी अंक दाखवायचं कबूल केलंय.